गेटवरची वही

सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे गणपतीचे दिवस आले की घोडबंदर रोडवरच्या संकुलांमध्ये नोटीस बोर्डावर एकसारखे कागद लागतात, आणि प्रत्येकाच्या तळाशी तेच वाक्य असतं: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. हे वाक्य वाचून येणारा माणूस अर्ध्या तासानेच येतो, म्हणून गणपूर्ती कधी होत नाही. २०२४च्या आमच्या सभेला मात्र माणसं वेळेवर आली आणि खुर्च्या कमी पडल्या. विषय गळतीचा नव्हता, पार्किंगचाही नव्हता. गेटवर अ‍ॅप बसवायचं की नाही, एवढाच होता.

ज्यांच्याकडे ते अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गेटवरच्या सिक्युरिटीच्या हातात एक मोबाइल असतो. कुणी आलं की तो फ्लॅट नंबर टाकतो, समोरच्याचा फोटो काढतो, आणि तुमच्या फोनवर घंटी वाजते. आत सोडू का? तुम्ही हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. रोज येणाऱ्यांना, म्हणजे पोळ्यावाल्या मावशी, गाड्या धुणारा मुलगा, ड्रायव्हर, यांना आकड्यांचा एक कोड मिळतो. तो सांगितला की ते आत, आणि तुमच्या फोनवर ‘आल्या’ असा निरोप. जाताना पुन्हा निरोप. महिनाअखेरीस हजेरीचं पान तयार.

त्याआधी आमच्याकडे होती ती वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेलं बॉलपेन. नाव, कुठून आलात, कुणाकडे, मोबाइल, वेळ, सही. ‘कुठून आलात’च्या रकान्यात निम्मे लोक ‘ठाणे’ असं लिहीत, हे ठाण्यातच उभं राहून. माझ्या मावसबहिणीने एकदा तिथे ‘घरून’ लिहिलं होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. पण गंमत बाजूला ठेवली तर ती वही चांगलीच उघडी होती. तुम्ही सही करायला वाकलात की वरच्या दहा-बारा ओळींतल्या माणसांचे मोबाइल नंबर तुमच्यासमोर. भरलेल्या वह्या कुठे जात, कोण जाणे. पंपरूममध्ये एक चळत मी स्वतः पाहिलेली आहे.

सभेत वाद मात्र वहीवर झाला नाही, अ‍ॅपवर झाला, आणि मला सांगायला आनंद वाटतो की तो चांगला झाला. ऐरोलीला आयटीत नोकरी करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला: पहिलं वर्ष फुकट का? कंपनी धर्मादाय आहे का? तुमच्याकडे कोण येतं, पार्सल किती येतात, कुठल्या दुकानातून येतात, सुट्टीत तुम्ही घरी असता की नाही, हे सगळं एका जागी जमा होणार. त्यावर जाहिराती येतील, फर्निचरच्या, शिकवणीच्या, कर्जाच्या. सेक्रेटरी म्हणाले, जाहिराती तर नोटीस बोर्डावरही लागतात. शेजारी म्हणाला, बोर्डाला माझं घर ठाऊक नसतं.

चौथ्या मजल्यावरचे वकीलकाका उठले. ते उठले की मागच्या रांगेतले लोक मोबाइल काढतात, पण त्या दिवशी सगळे ऐकत होते. काकांनी पुट्टस्वामी निकाल काढला. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या विरोधात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातूनच खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न नऊ न्यायाधीशांसमोर आला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही जणांनी एकमताने ‘आहे’ म्हटलं. निकालपत्र ५४७ पानांचं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणाऱ्या १९७६च्या निकालाला चुकीचा ठरवलं, आणि तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील होते. मराठी सभेत हा तपशील सांगितल्यावर जी कुजबुज होते ती झाली. मूळ मुद्दा दोन मिनिटं मागे पडला.

मला स्वतःला त्या निकालातली दुसरी एक जुनी हकिगत जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती काकांनी सांगितली नाही. नऊ न्यायाधीशांनी जे जुने निकाल मोडीत काढले त्यांत १९६२चा खरक सिंग खटला आहे. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ साली दरोड्याच्या आरोपात धरला गेला, पुरावा नाही म्हणून सुटला. पण पोलिसांनी त्याच्या नावाचा कागद उघडला तो बंदच केला नाही. रात्री-अपरात्री शिपाई आणि गावचा चौकीदार दारात येऊन हाका मारायचे, उठवायचे. गाव सोडून जायचं तर चौकीदाराला सांगायचं, कुठे जातो, कधी येतो. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी रात्रीच्या भेटी बंद केल्या, पण येण्याजाण्यावर पाळत ठेवायला हरकत नाही असं बहुमताने ठरवलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्याविरुद्ध मत नोंदवलं, ते पंचावन्न वर्षांनी खरं ठरलं. आपल्या देशात खासगीपणाच्या हक्काचा एक मोठा धागा असा एका गरीब गावच्या चौकीदारापाशी जाऊन पोचतो. मालकाच्या बंगल्यावर पाळत होती म्हणून हा प्रश्न उभा राहिला नाही. ज्याने गुन्हा केल्याचं सिद्ध झालं नव्हतं, पण ज्याच्यावर संशय घेणं सोपं होतं, त्याच्या दारात तो उभा राहिला.

हे मी सभेत बोलले नाही, तेव्हा मलाही ते इतकं नीट माहीत नव्हतं. सभेत पुढे नवा कायदा आला. २०२३च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. दंड २५० कोटींपर्यंत, असं काकांनी म्हटल्याबरोबर खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, लिफ्टच्या दोराला पुरत नाही. कंपनी चुकली तर कंपनी भरेल ना, असं कुणीतरी विचारलं. कायदा तसं म्हणत नाही. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याची जबाबदारी पहिली, मग काम करून देणारी कंपनी कुठलीही असो. म्हणजे सोसायटीची. फ्लॅटवाल्याने घरच्या घरी डायरीत काय लिहिलं याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही, वैयक्तिक आणि घरगुती वापर त्यातून वगळला आहे. पण सोसायटी म्हणजे घर नव्हे, हे रजिस्ट्रारकडे जाऊन आलेल्या कुणालाही माहीत असतं.

आणखी एक मौज या कायद्यात आहे. तो फक्त डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. दोरीच्या पेनाची आमची वही त्यात बसत नाही. जिच्यातून सगळ्यांचे नंबर उघड्यावर पडत होते ती कायद्याबाहेर, आणि जी कुलूपबंद असल्याचं कंपनी सांगते ती कायद्यात. वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला की मात्र ती आत येते. आमचा सिक्युरिटी सुपरवायझर रोज रात्री तसा फोटो काढून एजन्सीच्या ग्रुपवर टाकत असे, हे मला नंतर कळलं.

तास-दीड तास वाद झाला. ठराव मंजूर झाला, अटींसह: जाहिराती बंद, पाहुण्यांचे फोटो तीन महिन्यांनी पुसायचे, मुलांची माहिती भरायची नाही. वाईट अटी नव्हत्या. मी हात वर केला होता. घरी येऊन कुकर लावताना लक्षात आलं की एवढ्या चर्चेत एकाही माणसाने त्यांचं नाव काढलं नाही ज्यांच्या नावांनी ती वही भरत असे. आम्ही राहणारे लोक त्या वहीत कधी सही करत नाही. आमचे नातेवाईक मोठ्या गाडीतून आले तर गेट आधीच उघडलेलं असतं. वहीतल्या दहांतल्या आठ ओळी कामाला येणाऱ्यांच्या असत. मोलकरणी, प्लंबर, गॅसवाला, कुरिअर, इस्त्रीवाला. खासगीपणा आमचा, नोंद त्यांची.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मानपाड्याच्या वस्तीतून येतात. मेट्रोच्या कामाने रस्ता अडला की शेअर रिक्षा सोडून चालत. आमच्या इमारतीत त्यांची चार घरं आहेत. अ‍ॅप सुरू झालं त्या आठवड्यात ऑफिसमध्ये बोलावून त्यांचा फोटो काढला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. खासगी संस्थांना आधार मागायला मोकळीक देणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या सप्टेंबरमध्ये रद्द केलं आहे, पण मॅनेजरच्या टेबलासमोर उभं असताना ते कलम कुणाच्या कामाचं? दुसरा कुठलाही ओळखीचा पुरावा चालला असता. मावशींना तसं कुणी सांगितलं नाही.

मग त्यांचं पान तयार झालं. ते मी माझ्या फोनवर उघडू शकते आणि इमारतीतला कुणीही उघडू शकतो. नाव, फोटो, कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात, आज आत आल्या का, किती वाजता. खाली तारे. पाचपैकी किती, आणि शेरा. ‘पंक्च्युअल’, ‘क्लीन’, आणि एका ठिकाणी ‘सुट्ट्या फार’. पूर्वी बाराव्या मजल्यावरच्या बाईंना ठाऊक नसायचं की मावशी आधी माझ्याकडे येतात. आता ठाऊक आहे. ‘पावणेआठला गेटवर आलीस आणि माझ्याकडे सव्वानऊला?’ असं त्यांनी विचारलं. मला पंधरा वर्षांत माझ्या साहेबाने असा हिशेब विचारलेला नाही, आणि विचारला असता तर मी युनियनकडे गेले असते.

हे सगळं मी रागाने, थोड्या फुशारकीनेही, मावशींना समजावून सांगायला गेले. तुमची माहिती, तुमचा हक्क वगैरे. त्यांनी कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, मला तर बरं वाटतंय ते.”

का बरं वाटतं? कारण आठव्या मजल्यावर दर महिन्याला खाड्यांवरून वाद व्हायचा. मावशी म्हणणार दोन, बाई म्हणणार चार, आणि चारच कापले जाणार, कारण कॅलेंडर बाईंच्या भिंतीवर आणि पेन बाईंच्या हातात. अ‍ॅप आल्यावर पहिल्याच महिन्यात मावशी म्हणाल्या, “तुमच्या मोबाइलातच बघा की.” बघितलं. दोनच निघाले. “ते मशीन खोटं बोलत नाही ना, ताई. आणि माझं तर कुणी ऐकत नाही.”

माझं सगळं भाषण तिथे आडवं झालं. आणि मला वडिलांची आठवण झाली.

वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते. एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १९६२ साली झाली ती तिथेच, आणि आम्ही लहान होतो तेव्हा त्या भागात रस्त्यांना नावं नव्हती, नंबर होते. वडील अमुक नंबरच्या रोडवर कामाला जातात असंच आम्ही सांगायचो. कारखान्याच्या गेटवर पंचिंगचं घड्याळ, शेजारी कार्डांचा रॅक, बाहेर पडताना झडती. झडतीचा अपमान ते आयुष्यभर विसरले नाहीत. डबा उघडून दाखवायचा, पिशवी उलटी करायची. पण त्याच गेटवरच्या हजेरीच्या मस्टरने त्यांची नोकरी वाचवली. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जायची, आणि मग माणसाला सहज काढता येत नसे. म्हणून टेंपररी कामगाराला २४० भरायच्या आत ‘ब्रेक’ द्यायची रीत होती. ठाण्या-कळव्याच्या कुठल्याही जुन्या कामगाराला हा आकडा विचारा, स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ असतो. कंपनीने म्हटलं, तुझे दिवस भरले नाहीत. वडिलांनी म्हटलं, मस्टर आणा. युनियनने ते कामगार न्यायालयात मागवून घेतलं, आणि दिवस भरलेले निघाले.

म्हणजे गेटवरची नोंद ही पाळत असते आणि पुरावाही असते. त्याच कागदाची दोन कामं. कुठलं काम होणार हे कागदावर ठरत नाही, तो कोण मागवू शकतो यावर ठरतं. वडिलांमागे युनियन होती, लेबर कोर्ट होतं, २४०चा आकडा होता. मावशींच्या मागे काय आहे? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ही चांगली गोष्ट झाली. पण नोंदणीला मालकाचा दाखला लागतो, आणि ‘सही कशाला, उगाच काहीतरी अंगाशी येईल’ असं म्हणणाऱ्या बायका आमच्या इमारतीत पदवीधर आहेत. मावशी इथे किती वर्षं, कुठल्या घरी येतात हे एका कंपनीच्या सर्व्हरला मिनिटामिनिटाने माहीत आहे आणि कागदावर सही करायला कुणी तयार नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की मावशी स्वतःचं पान बघू शकत नाहीत. त्यांना लॉगिन नाही. त्यांचा चेहरा, त्यांच्या वेळा, त्यांचे तारे, सगळं माझ्या फोनवर आहे, आणि त्यांच्याकडे फक्त कोड आहे. वाद झाला तर त्यांना आमच्यापैकी कुणाला तरी सांगावं लागतं की जरा उघडून दाखवा.

नवा कायदा इथे त्यांच्या बाजूने बराच बोलतो. आपली कुठली माहिती घेतली आहे आणि तिचं काय केलं जातं हे विचारण्याचा हक्क, चूक दुरुस्त करून घेण्याचा, काम संपल्यावर पुसून टाकायला सांगण्याचा, तक्रारीचा. संमती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मावशी म्हणू शकतात, मराठीत द्या. नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा हे म्हणायला त्यांना २०२७चा उन्हाळा उजाडेल. वकीलकाका इथे एक फाटा फोडतात. नोकरीच्या कारणासाठी काही बाबतींत संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा कायद्याने मालकाला दिली आहे. पण मावशींची मालक कोण? मी? बाराव्या मजल्यावरच्या बाई? सोसायटी तर पगार देत नाही. बोनस, सुट्टी, आजारपणाचा विषय निघाला की कुणीच मालक नसतं. माहिती घ्यायच्या वेळी सगळेच मालक होतात. काकांना हा युक्तिवाद आवडला, त्यांनी तो स्वतःचा म्हणून दुसऱ्या सोसायटीत वापरलाही.

डिलिव्हरीच्या मुलांचं लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०ची, अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ला. त्यात ‘गिग कामगार’, म्हणजे कायमच्या नोकरीशिवाय असं सुटं काम करणारा, ही व्याख्या आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायचे असंही आहे. आमच्याकडे त्यांनी सामानाचीच लिफ्ट वापरायची असा फलक आहे आणि ती लिफ्ट बंद असते.

तर पुढच्या सभेत मी लेखी विषय दिला. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला महिन्याच्या पाच तारखेला स्वतःच्या हजेरीचं पान छापून मिळावं. तारे आणि शेरे बंद करावेत, किंवा निदान ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवावेत. काम सोडलेल्यांची पानं पुसावीत. आधारऐवजी कुठलंही ओळखपत्र चालावं. मला वाटलं होतं खर्चावरून अडेल. कंपनीच्या माणसाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही, यावर आयटीवाला शेजारी मोठ्याने हसला, कारण फ्लॅटवाल्यांसाठी तीच सोय एका बटणावर आहे.

अडलं ते भलत्याच जागी. एक गृहस्थ, ज्यांनी आदल्या वर्षी खासगीपणावर सर्वात तळमळीने भाषण केलं होतं, ते उठले आणि म्हणाले, की बायकांच्या हाती असं पान गेलं तर त्यात आमचा फ्लॅट नंबर येणार, कुठल्या दिवशी आम्ही काम करून घेतलं ते येणार. हा आमचा डेटा आहे. तो बाहेर कसा द्यायचा? टाळ्या पडल्या. मी म्हटलं, मावशींकडे तुमच्या घराची किल्ली आहे. त्यावर एक क्षण कुणी बोललं नाही, आणि मग विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं आलं आहे. मी त्यावर लेखी हरकत दिली आहे.

तोवर मी एकच करते. महिनाअखेरीला मावशींच्या हजेरीचा स्क्रीनशॉट त्यांच्या मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. हे नियमात बसतं का, माहीत नाही. सेक्रेटरींनी विचारलं तर विचारोत. आता इतर दोघी-तिघीही मागायला लागल्या आहेत. दिवाळीत बाराव्या मजल्यावरच्या बाई मावशींना म्हणाल्या, तुला आमच्याकडे लागून अजून वर्ष झालं नाही, बोनस कसला? मुलीने आईच्या हातात फोन दिला, मावशींनी पहिल्या महिन्याचं पान उघडून समोर धरलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, आपल्या फोनशी ताडून पाहिलं. तारीख बरोबर निघाली. बोनस मिळाला. अर्धा. उरलेल्या अर्ध्याचं बोलणं चालू आहे.